इतिहासाच्या चक्रांवरून भविष्य सांगता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्र. 'इतिहासाची पुनरावृत्ती होते' हे तर सगळेच म्हणतात. चक्राचा सिद्धांत त्याहून वेगळं काय सांगतो?

सगळे म्हणतात, पण प्रत्येकाच्या मनातलं चक्र निराळं असतं. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिल्यात टप्प्यांचा क्रम ठरलेला असतो: राज्य उभं राहतं, भरभराटतं, सुस्तावतं, कोसळतं. कधी कोसळेल याची तारीख हा प्रकार देत नाही. दुसऱ्यात कारणं असतात. लोकसंख्या, मजुरी, सरकारी कर्ज, सत्तेसाठी झगडणारे गट हे एकमेकांवर परिणाम करतात आणि त्यातून चढउतार होतात. तिसरा प्रकार निव्वळ आकड्याचा: दर ८० वर्षांनी युद्ध, दर १०० वर्षांनी महामारी. व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो बहुतेक वेळा हा तिसरा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उत्तरं कोणत्या बाजूने लिहिली आहेत ते कळेल. कारण सांगणारा सिद्धांत चुकीचा निघाला तरी त्यातून काही शिकायला मिळतं. नुसता आकडा सांगणाऱ्याकडे मात्र आधी हिशेब मागावा.

प्र. ही कल्पना सगळ्यात आधी कोणाला सुचली?

'सगळ्यात आधी' हे सांगणं अवघड. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस नावाचा ग्रीक इतिहासकार रोममध्ये ओलीस म्हणून राहत होता. त्याने राज्यपद्धतींचं चक्र मांडलं: राजेशाहीची जुलूमशाही होते, ती उलथवून उमराव येतात, उमरावांचं एक लोभी टोळकं बनतं, मग लोकशाही येते, ती झुंडशाहीत बुडते आणि पुन्हा एक माणूस सगळं हातात घेतो.

पण आजच्या अर्थाने 'सिद्धांत' म्हणावा असं काम इब्न खल्दूनचं. जन्म १३३२, ट्यूनिसचा. उत्तर आफ्रिका आणि ग्रनाडाच्या दरबारांत त्याने नोकऱ्या केल्या, कारस्थानांत भाग घेतला, तुरुंगवासही भोगला. म्हणजे राज्यं कशी बुडतात हे त्याने आतून पाहिलं होतं. १३७७ मध्ये आजच्या अल्जेरियातल्या एका आडबाजूच्या गढीत बसून त्याने आपल्या इतिहासग्रंथाची प्रस्तावना, 'मुकद्दिमा', लिहिली. त्याच्या मांडणीचं केंद्र म्हणजे 'असबिय्या', टोळीतली घट्ट एकजूट. वाळवंटातल्या खडतर जगण्यात ती तयार होते आणि तिच्या जोरावर टोळी शहर जिंकते. पहिल्या पिढीने कष्ट भोगलेले असतात. दुसरी ते ऐकत वाढते. तिसरीला फक्त वाडे आणि मेजवान्या ठाऊक असतात, म्हणून लढायला भाडोत्री सैनिक ठेवावे लागतात, त्यांच्या पगारासाठी कर वाढतात, वाढलेल्या करांमुळे व्यापार आटतो आणि शेवटी तिजोरीत पूर्वीपेक्षा कमीच पडतं. तोवर वाळवंटात दुसरी एखादी टोळी तयार झालेली असते. एक पिढी ४० वर्षांची धरून त्याने राजघराण्याचं आयुष्य साधारण १२० वर्षं सांगितलं.

हा माणूस नुसता पोथीतला नव्हता. १४०१ मध्ये तैमूरने दमास्कसला वेढा घातला तेव्हा सत्तरीच्या घरातला इब्न खल्दून दोराने तटाखाली उतरला आणि थेट तैमूरच्या छावणीत जाऊन बोलत बसला. ताज्या असबिय्याचा धगधगता नमुनाच त्याच्या समोर होता!

प्र. इब्न खल्दूनचं १२० वर्षांचं गणित आपल्याकडे लागू पडतं का?

लावून पाहू. बहमनी राज्य १३४७ ते १५२७, म्हणजे १८० वर्षं. निजामशाही १४९० ते १६३६, १४६ वर्षं. आदिलशाही १४९० ते १६८६, १९६ वर्षं. मुघल १५२६ ते १८५७, ३३१ वर्षं. शेवटचा बराच काळ बादशहाची सत्ता लाल किल्ल्याच्या भिंतींपलीकडे फारशी चालत नव्हती, तरी आकडा जुळत नाहीच. उस्मानी तुर्क तर सहाशे वर्षांहून जास्त टिकले.

आता पेशवे पाहा. बाळाजी विश्वनाथला १७१३ मध्ये पेशवेपद मिळालं, १७२० मध्ये बाजीराव आला, १७४० मध्ये नानासाहेब आणि १७६१ ला पानिपत. बरोबर तीन पिढ्या! फक्त वर्षं ४८. शिवाय पानिपतानंतर घसरण सरळ खाली जायला हवी होती, तर मध्येच थोरले माधवराव आले आणि दहा-अकरा वर्षांत मराठी फौजांनी शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवलं. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला, घरातच दोन तट पडले, तेव्हा मात्र इब्न खल्दूनची पानं पुन्हा ओळखीची वाटू लागतात.

थोडक्यात, त्याचं निदान पुष्कळदा पटतं, घड्याळ क्वचितच. या विषयात हा अनुभव पुढेही येत राहील.

प्र. १७२० प्लेग, १८२० पटकी, १९२० फ्लू, २०२० करोना. हे तरी योगायोग नाहीत ना?

हे योगायोगही नाहीत; तारखा वाकवलेल्या आहेत. मार्सेयचा प्लेग १७२० चा, तेवढं बरोबर. पटकीची पहिली मोठी साथ बंगालातल्या जेसोरकडे १८१७ मध्ये सुरू झाली. फ्लूची सगळ्यात भीषण लाट १९१८ च्या शेवटच्या महिन्यांतली; त्या साली मुंबई इलाख्यात जे झालं त्याच्या आठवणी जुन्या घरांत अजून ऐकायला मिळतात. करोना २०१९ च्या डिसेंबरात वुहानमध्ये आढळला. एवढी ढिलाई चालवून घेतली तर कुठलंही चक्र सिद्ध होईल.

आणि वगळलेलं काय, तेही बघा. १३४७ मध्ये युरोपात पोहोचलेला प्लेग या यादीत नाही. १६६५ चा लंडनचा प्लेग नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात सापडलेला, पुढच्याच वर्षी पुण्यात रँडचे सोजीर घराघरांत घुसवणारा आणि २२ जून १८९७ च्या त्या गोळीबारापर्यंत नेणारा प्लेग नाही. १९५७ आणि १९६८ चे फ्लू नाहीत, एचआयव्ही नाही. मराठी माणसाने हा फॉरवर्ड पुढे पाठवताना १८९६ विसरावं याचं मला खरंच नवल वाटतं.

प्र. २०२५ चं कॅलेंडर हुबेहूब १९४१ सारखं होतं. त्याचा अर्थ काय?

दोन्ही वर्षं बुधवारी सुरू झाली आणि दोन्ही लीप नव्हती, एवढाच. इंग्रजी कॅलेंडरचे एकूण १४च नमुने असतात: वर्षाचा पहिला वार सातांपैकी एक, आणि वर्ष लीप किंवा साधं. त्यामुळे तेच कॅलेंडर वारंवार परत येतं. १९४१ चं कॅलेंडर १९४७, १९५८, १९६९, १९७५, १९८६, १९९७, २००३ आणि २०१४ मध्येही आलं होतं. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, २०२५ च्या १५ ऑगस्टलाही शुक्रवारच. आणीबाणी जाहीर झाली तो २५ जून १९७५ चा दिवस बुधवार, २०२५ चा २५ जूनही बुधवार. मग १९४१ चं महायुद्धच का निवडलं, १९४७ चं स्वातंत्र्य का नाही? भीतीचे मेसेज जास्त पळतात, दुसरं कारण मला दिसत नाही.

प्र. अमेरिकेतला ८० वर्षांचा 'चौथ्या वळणा'चा सिद्धांत काय आहे? २०२० खरं ठरलं म्हणतात.

विल्यम स्ट्रॉस आणि नील हाऊ या दोघा अमेरिकी लेखकांनी १९९७ च्या पुस्तकात हे मांडलं. एका दीर्घ मानवी आयुष्याएवढं, ८० ते १०० वर्षांचं एक चक्र. त्यात चार वळणं: उभारी, जागृती, विस्कट आणि संकट. अमेरिकेची संकटं त्यांनी अशी मोजली: १७७० च्या दशकात सुरू झालेलं स्वातंत्र्ययुद्ध, १८६० च्या दशकातली यादवी, १९२९ ची मंदी आणि तिला जोडून आलेलं दुसरं महायुद्ध. पुढचं संकट २००५ च्या आसपास पेटेल, २०२० च्या सुमारास शिगेला जाईल आणि २०२६ च्या सुमारास निवळेल, असं त्यांनी लिहिलं. २०२० वाचून लोक चकित होतात ते साहजिक आहे.

आता बारकाईने. त्याच पुस्तकात संकट कशाने पेटू शकेल याची उदाहरणंही आहेत: राज्य सरकारचं करबंड, विमानावरचा दहशतवादी हल्ला, अर्थसंकल्पावरून सरकार ठप्प होणं, नवा विषाणू, रशियाच्या सीमेवरच्या लष्करी हालचाली. हे असंच घडेल असा दावा लेखकांनी केलेला नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण एवढं मोठं जाळं टाकल्यावर एखादा मासा लागणारच, आणि नंतरचे वाचक तेवढाच मासा दाखवतात.

दुसरं म्हणजे, अमेरिकी यादवीच्या चक्रात त्यांची स्वतःचीच चौकट मोडते. चारऐवजी तीनच पिढ्या सापडतात, 'वीर' पिढी गायब. हा अपवाद त्यांनी मान्य करून पुढे नेला आहे. मुळात मोजायला चक्रं हाताच्या बोटांवर, त्यातलं एक अपवाद! तिसरं, स्ट्रॉस यांचं २००७ मध्ये निधन झालं. त्यानंतर हाऊ यांनी संकटाची सुरुवात २००८ च्या आर्थिक कोसळण्यापासून धरली आणि शेवट २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला ढकलला. म्हणजे २०२६ ची मुदत टळली.

या सिद्धांतातलं मला पटणारं एक आहे: ज्यांनी मोठं युद्ध किंवा मंदी स्वतः भोगली ती पिढी गेली की समाजाची सावधगिरीही जाते. फक्त ते ठरल्या वर्षी घडतं, असं म्हणायला आधार नाही.

प्र. पीटर टर्चिन यांचं भाकीतही २०२० चंच होतं. तेही तसंच का?

नाही, इथे प्रकरण वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टर्चिन मूळचे सोव्हिएत संघातले, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. प्राण्यांची आणि किड्यांची संख्या वर्षानुवर्षं कशी वर-खाली होते याची गणितं मांडण्यात त्यांची पहिली कारकीर्द गेली. मग तीच पद्धत त्यांनी मानवी समाजांना लावली. समाजशास्त्रज्ञ जॅक गोल्डस्टोन यांनी १९९१ मध्ये क्रांत्या आणि बंडांबद्दल जे मांडलं होतं, त्यावर त्यांचं काम उभं आहे. २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी एक छोटं पत्र लिहिलं: पुढच्या दशकात अमेरिका आणि पश्चिम युरोपात अस्थिरता वाढेल, २०२० च्या आसपास ती टिपेला जाईल. त्यांनी पाहिलेल्या गोष्टी तीन. सामान्य माणसाची मजुरी देशाच्या उत्पन्नाच्या मानाने मागे पडते आहे का? वरच्या जागांवर डोळा ठेवून बसलेल्यांची संख्या जागांपेक्षा जास्त वाढते आहे का? सरकारचं कर्ज आणि त्याच्यावरचा अविश्वास वाढतो आहे का?

यातला दुसरा मुद्दा सगळ्यात चर्चेत आला. गरिबांचा असंतोष एकटा क्रांती करत नाही. शिकलेला, महत्त्वाकांक्षी आणि बाहेर राहिलेला वर्ग त्याला पुढारी पुरवतो, असं त्यांचं म्हणणं. हे वाचताना पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका, आठवी-नववी 'अटेम्प्ट' देणारी मुलं आणि एमपीएससीच्या जाहिरातीतल्या जागांचा आकडा डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. पण हे माझं डोकं चालवणं झालं. त्यांचे आकडे अमेरिकेचे होते, आणि इथलं आरक्षण, शेती, स्थलांतर यांची गुंतागुंत त्या तीन प्रश्नांत बसत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या संसदभवनावर जमाव चालून गेला आणि टर्चिन प्रसिद्धीला आले. भाकीत खरं ठरलं का? दिशा बरोबर होती, हे नाकारणं कंजूषपणाचं ठरेल. पण २०२० हे साल कुठून आलं? काही अंशी त्या तीन घटकांतून, काही अंशी ५० वर्षांच्या एका छोट्या चक्रातून: अमेरिकेत १८७०, १९२० आणि १९७० च्या आसपास हिंसाचार उसळला, म्हणून पुढचा २०२०. या माळेत १८२० चा मणी मात्र नाही. आणि २०२० च्या गोंधळात महामारीचा वाटा किती, हे त्यांचं गणित सांगू शकत नाही, कारण विषाणू त्या गणितात नव्हताच.

प्राचीन समाजांबद्दलची माहिती आकड्यांत बसवण्याचा धोका त्यांच्या मंडळींनाच भोवला आहे. टर्चिन आणि सहकाऱ्यांचा, नीतिनियम पाळायला लावणारे देव आणि मोठे समाज यांत आधी काय आलं, याबद्दलचा शोधनिबंध २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. जिथे पुरावा उपलब्ध नव्हता तिथे 'असे देव नव्हते' अशी नोंद धरली गेल्याचा आक्षेप आला आणि २०२१ मध्ये लेखकांनी तो मागे घेतला. मागे घेतला, हे त्यांच्या पदरात टाकायला हवं. आकडेवाल्या चक्रांच्या जगात माघारीची सोयच नसते.

प्र. कोंद्रात्येवची लाट म्हणजे काय? अर्थव्यवस्थेत ५०-६० वर्षांचं चक्र असतं का?

निकोलाय कोंद्रात्येव, रशियन अर्थशास्त्रज्ञ, जन्म १८९२. मॉस्कोतल्या अर्थस्थितीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा प्रमुख. १९२० च्या दशकात त्याने इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या किमती, व्याजदर, मजुरी, कोळसा-लोखंडाचं उत्पादन यांची लांबलचक कोष्टकं जमवली आणि त्यात अर्ध्या शतकाएवढ्या लाटा दिसतात असं मांडलं. पहिली अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८४० च्या दशकापर्यंत, दुसरी तिथून १८९० च्या दशकापर्यंत, तिसरीचा चढ १९१४ ते १९२० च्या दरम्यान संपला. म्हणजे उतार सुरू झाला होता, आणि १९२९ ला जागतिक मंदी आली.

पण या मांडणीत एक गोष्ट सोव्हिएत सत्तेला खुपणारी होती. लाट असेल तर उतारानंतर चढही असणार. म्हणजे भांडवलशाही मरणार नाही, सावरेल. १९२८ मध्ये त्याची जागा गेली, १९३० मध्ये अटक झाली, १७ सप्टेंबर १९३८ ला त्याला गोळी घातली गेली. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ शुंपीटरने आपल्या ग्रंथात या लाटेला कोंद्रात्येवचं नाव दिलं.

आता याच संस्थेतली दुसरी गोष्ट, जी कमी लोकांना माहीत असते. तिथेच येवगेनी स्लुत्स्की नावाचा गणिती काम करत होता. १९२७ मध्ये त्याने एक प्रयोग छापला. सरकारी लॉटरीत निघालेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक घेतले, म्हणजे ज्यांत कुठलाही क्रम नाही असे अंक. मग ओळीने दहा अंकांची बेरीज केली, एक घर पुढे सरकून पुन्हा दहांची, असं करत गेला. त्या बेरजांचा आलेख काढला तर छान लाटा दिसल्या! त्यातला एक तुकडा त्याने १८५५ ते १८७७ या काळातल्या इंग्लंडच्या व्यापारी तेजी-मंदीच्या आलेखाशेजारी ठेवला, आणि दोन्ही वक्ररेषा कमालीच्या सारख्या निघाल्या. एका बाजूला इंग्लंडचा व्यापार, दुसऱ्या बाजूला रशियन लॉटरी.

याचा अर्थ तेजी-मंदी नसते असा नाही. आजचं उत्पादन, आजची किंमत यांत मागच्या अनेक लहानमोठ्या धक्क्यांची बेरीज साठलेली असते, आणि अशी बेरीज आपोआप लाटेसारखी दिसते. मागे वळून पाहिलं तर चक्र दिसतं. पुढची उसळी कधी, हे मात्र त्यातून कळत नाही, कारण पुढचा अंक अजून लॉटरीतून निघायचा असतो. चक्रांबद्दल एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर मी कोंद्रात्येवची नाही, स्लुत्स्कीची वाचा म्हणेन.

दुसऱ्या महायुद्धानंतर किमतींची ती लांब लाट तशीही दिसेनाशी झाली. पूर्वी उताराच्या काळात किमती वर्षानुवर्षं खाली येत. नंतर महागाईचा वेग तेवढा कमी-जास्त होत राहिला.

प्र. शेअर बाजाराच्या ग्रुपवर १५० वर्षं जुना एक तक्ता येतो, 'कधी विकायचं, कधी घ्यायचं'. तो बरोबर निघाला आहे म्हणे.

तो सॅम्युएल बेनर या अमेरिकेतल्या ओहायोच्या शेतकऱ्याच्या आकड्यांवर बेतलेला तक्ता. १८७३ च्या मंदीत हात पोळल्यावर त्याने लोखंड आणि डुकरांच्या किमतींतून ही चक्रं काढली. त्यात घबराटीची वर्षं १६, १८, २० अशा अंतरांनी येतात: १९२७, १९४५, १९६५, १९८१, १९९९, २०१९, २०३५. विकायची वर्षं ८, ९, १० च्या अंतरांनी: त्यात १९९९, २००७, २०१६, २०२६ आहेत. २००७ पाहून लोक हरखतात, कारण २००८ ला बाजार कोसळला. मग घबराटीच्या रांगेत २००८ का नाही? १९२९ ऐवजी १९२७ का? आणि १९४५ किंवा १९६५ ची घबराट कोणाला आठवते? तीन रांगा, प्रत्येकीला दोन-तीन वर्षांची सूट, एवढ्यात जवळजवळ प्रत्येक वर्ष कुठेतरी बसतं. यावर पैसे लावू नका, एवढंच सांगतो.

प्र. सूर्यावरच्या डागांचा आणि युद्ध-दुष्काळांचा संबंध असतो का?

या प्रश्नाचा इतिहास थेट आपल्या दुष्काळांतून जातो.

सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या अंतराने वाढतात आणि कमी होतात, हे १८४३ पासून माहीत आहे. १८७० च्या दशकात इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने इंग्लंडमधली व्यापारी संकटं मोजली, १७२१ ते १८७८, आणि सरासरी अंतर साडेदहा वर्षांच्या आसपास काढलं. सूर्याच्या चक्राचा एक नवा अंदाजही तेव्हा साडेदहाच्या जवळ आला होता. दुवा त्याने हिंदुस्थानात शोधला: सूर्य बदलला की इथला पाऊस आणि पीक बदलतं, धान्य महागलं की गरीब रयतेकडे कापडाला पैसे उरत नाहीत, आणि मग लँकशायरच्या गिरण्या थंडावतात. त्यासाठी त्याने दिल्लीच्या गव्हाचे जुने भावही तपासले. काही संकटं ओढूनताणून यादीत बसवली होती. पुढे सूर्याचं चक्र ११ च्याच जवळ ठरलं आणि सिद्धांत गळून पडला. पण 'इथला शेतकरी उपाशी राहिला तर मँचेस्टरला ठेच लागते' ही साखळी त्याने ओळखली होती, हे विसरू नये.

त्याच काळात, १८७६ ते १८७८, दख्खन आणि मद्रासेत भयंकर दुष्काळ पडला होता. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवत होती, आणि विल्यम विल्सन हंटर हा ब्रिटिश सरकारी अधिकारी मद्रासच्या पावसाच्या नोंदी सूर्याच्या डागांशी जुळवत होता. दुष्काळ सूर्यामुळे पडतो असं ठरलं तर धान्याच्या निर्यातीबद्दल आणि शेतसाऱ्याबद्दल कोणी विचारायला नको, ही सोय कोणाला होती ते वेगळं सांगायला नको. चक्राचा सिद्धांत अशा वेळी सत्ताधाऱ्याला फार उपयोगी पडतो.

पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा गणिती भारतीय वेधशाळांचा प्रमुख झाला. मान्सूनचा अंदाज हे त्याचं काम. जगभरच्या हवामानाच्या नोंदींची त्याने ढीगभर गणितं केली, त्यात सूर्याचे डागही तपासले. तिथे हाती फारसं लागलं नाही. त्याऐवजी पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरच्या हवेच्या दाबाची एक दोलायमान जोडी सापडली. आज एल निनोच्या बातम्यांत आपण ऐकतो ती हीच गोष्ट, आणि १८७७ चा पाऊस एका फार मोठ्या एल निनोने पळवला होता. हे चक्र खरं आहे, पण दोन ते सात वर्षांत कधीही येणारं. म्हणून त्याचा अंदाज पंचांगातून येत नाही, समुद्राचं तापमान मोजून येतो. वॉकर निवृत्त झाल्यावर हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या चौकातल्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

युद्ध-क्रांत्यांचं म्हणाल तर अलेक्सांद्र चिझेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये ते मांडलं: डाग वाढले की जनसमुदाय चेतावतो. १९१७ ला डाग टिपेला होते, १९८९ लाही, १९४७ लाही. पण पहिलं महायुद्ध पेटलं १९१४ मध्ये, जेव्हा सूर्य चक्राच्या तळाजवळ होता, आणि १८५७ चा उठावही तळ उलटून फार काळ झाला नव्हता तेव्हाचा.

प्र. आपल्या पंचांगातलं साठ संवत्सरांचं चक्र यात मोडतं का? आणि युगं?

प्रभव ते क्षय हे चक्र कालगणनेचं आहे. गुढीपाडव्याला संवत्सरफल वाचतात ती फलज्योतिषाची बाजू झाली. शके १९४७ विश्वावसू होतं, तसंच शके १८८७, म्हणजे १९६५-६६, तेही विश्वावसूच: पाकिस्तानशी युद्ध आणि ताश्कंदला शास्त्रीजींचं निधन त्याच संवत्सरातलं. त्याआधीचं १९०५-०६, त्यात वंगभंग. वाटेल त्या वर्षात काहीतरी ठळक सापडतंच, ही भारतासारख्या मोठ्या देशाची गंमत आहे. युगांबद्दल बोलायचं तर कलियुग ४,३२,००० वर्षांचं सांगितलं आहे. तेवढ्या मापात पुढच्या निवडणुकीबद्दल काही निघायचं नाही.

प्र. स्पेंग्लर आणि टॉयन्बी कुठे बसतात?

सुरुवातीला सांगितलेल्या पहिल्या, ठरलेल्या टप्प्यांच्या प्रकारात. जर्मन विचारवंत स्पेंग्लरच्या ग्रंथाचा पहिला भाग १९१८ मध्ये, जर्मनी युद्ध हरत असताना आला, आणि पाश्चात्त्य संस्कृती म्हातारी झाली आहे हे त्याचं म्हणणं त्या वाचकांना लगेच पटलं. इंग्रज इतिहासकार टॉयन्बीच्या ग्रंथाचे १२ खंड १९३४ ते १९६१ दरम्यान निघाले. त्याच्या मते संस्कृती आव्हानाला कसं उत्तर देते यावर सगळं अवलंबून, त्यामुळे मरण अटळ नाही. दोघेही आज भाकितांपेक्षा वाचनाच्या आनंदासाठी उघडावेत असे.

प्र. सलग सात वेळा जुळलेला नमुना तरी खरा मानावा की नाही?

अमेरिकेत १८४०, १८६०, १८८०, १९००, १९२०, १९४० आणि १९६० या सालांत निवडून आलेला प्रत्येक अध्यक्ष पदावर असतानाच वारला: हॅरिसन, लिंकन, गारफिल्ड, मॅकिन्ली, हार्डिंग, रूझवेल्ट, केनेडी. सलग सात! मग १९८० ला रेगन निवडून आले, १९८१ मध्ये त्यांना गोळीही लागली, आणि ते वाचून दोन कार्यकाळ पूर्ण करून घरी गेले. २००० चे बुशही. या सातांच्या चक्रामागे, बेनरच्या चक्रांसारखंच, काही कारण नव्हतं, त्यामुळे ते मोडल्याचंही कारण शोधावं लागलं नाही.

प्र. मग तज्ज्ञांचा अंदाज तरी चांगला असतो का?

फार नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ जाणकारांची भाकितं वर्षानुवर्षं नोंदवून ठेवली आणि निकाल २००५ मध्ये मांडला. सगळं जग एकाच मोठ्या कल्पनेतून पाहणाऱ्यांची कामगिरी सगळ्यात वाईट निघाली, आणि टीव्हीवर त्यांनाच जास्त बोलावतात असंही दिसलं. अनेक ठिकाणची माहिती घेऊन वरचेवर मत बदलणारे त्यातल्या त्यात बरे होते.

प्र. येत्या काही वर्षांत आपल्याला स्वतःला तपासून बघता येईल असं काही आहे का?

आहे की. बेनरच्या तक्त्यानुसार २०२६ हे विकायचं वर्ष आणि २०३५ घबराटीचं. हाऊ यांच्या हिशेबाने अमेरिकेचं संकट २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला निवळायला हवं. सूर्याचे डाग २०२४ च्या सुमारास टिपेला गेले, म्हणजे चिझेव्हस्कीच्या चाहत्यांना पुढची संधी साधारण २०३५ ला. टर्चिन यांच्या बाबतीत वर्ष बघू नका. मजुरीचा वाटा आणि वरच्या जागांसाठीची गर्दी यांचे आकडे बघा, ते सुधारल्याशिवाय शांतता परतली तर त्यांचा सिद्धांत अडचणीत येईल. हे सगळं आजच कागदावर लिहून ठेवा, आणि 'खरं ठरलं' म्हणजे नेमकं काय घडलं पाहिजे तेही शेजारी लिहा, कारण नंतर तेच हमखास बदलतं. कोंद्रात्येवच्या लाटेबद्दल मात्र तारीख मागू नका. आपण पाचव्या लाटेत आहोत की सहाव्या, यावरच तिच्या अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे.